किती खोल?

मराठीत 'खोल' ही पदवी आणि 'उथळ' ही शिवी. आयरिसच्या कंदाला मात्र हे मान्य नाही. काश्मिरात कबरींवर फुलणारे हे फूल. त्याचा आडवा कंद अर्धा मातीबाहेर, उन्हात पाठ शेकत ठेवावा लागतो. मायेपोटी वीतभर पुरलात तर पाने येतात, फूल नाही. आमच्या शिंदखेड्याच्या उन्हात आयरिस कोण लावतो म्हणा! पण बाजरीवाल्याला विचारा. दोन-तीन सेंटिमीटरच्या फार खाली बी गेले, की कोंब वर येता येताच दमतो.

काउंटरवर मला रोज खोल माणसे भेटतात. घरी न सांगता मुदत ठेव, नॉमिनीचा रकाना कोरा. मुदत संपून दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर २०१४ पासून ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसाला मागता येते, पण त्याला ठाऊक तर हवे! अन् मायेचे काय? फी वेळेवर, चपला नव्या. मुलीला नुसती पाने दिसतात.

परवा एका गृहस्थांनी रकान्यात मुलीचे नाव घातले आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, तेवढं तिला कळू देऊ नका."