परतणाऱ्या स्वराला जागा

बसा. अ‍ॅम्प अजून सुरू करू नका. गिटार मांडीवर, डिले पेडल पायाशी, दोन केबल हाताशी असू द्या. घाई कसलीच नाही. जोडणी पाच मिनिटांची आहे, पण आज प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबायचं आहे.

पहिली केबल गिटारमधून पेडलच्या इनपुटला लावा. बहुतेक पेडलवर इनपुट उजवीकडे आणि आउटपुट डावीकडे असतो. दुसरी केबल आउटपुटमधून अ‍ॅम्पच्या इनपुटला. अ‍ॅडॅप्टर पेडलवर छापलेल्या व्होल्टेजचाच हवा. बहुधा तो ९ व्होल्टचा असतो. आता व्हॉल्यूम शून्यावर ठेवून अ‍ॅम्प सुरू करा आणि आवाज सावकाश वाढवा.

पेडल बंदच असू द्या. एक तार छेडा, एकच. आधी बोटाचा आघात ऐका, मग स्वराचा भरीवपणा, मग त्याचं उतरत जाणं. तो पूर्ण संपेपर्यंत दुसरा स्वर नको. तुमच्या हातून जे निघालं ते एवढंच. पेडल तुमच्याकडून हेच घेणार आणि हेच परत करणार आहे.

आता पेडल पायाने दाबा. टाइम ५०० मिलिसेकंदांच्या आसपास, फीडबॅक अगदी खाली, मिक्स अर्ध्याच्या आत. तीच तार पुन्हा छेडा. अर्ध्या सेकंदाने ती परत आली. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे साधारण ८५ मीटरवरच्या कड्यावर आपटून परतायला त्याला एवढाच वेळ लागेल. टाइम कमी करा, कडा जवळ येतो. १०० मिलिसेकंदांच्या जवळपास थांबा. १९५४ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी टेपयंत्राच्या रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमधल्या अंतरातून असाच झटपट प्रतिध्वनी मिळवला आणि तो एल्विस प्रेस्लीच्या आवाजाला दिला.

टाइम पुन्हा वाढवा, फीडबॅक किंचित वर घ्या. तीन-चार आवर्तनं ऐका आणि प्रत्येकाचा पोत निरखा. अ‍ॅनलॉग पेडलमध्ये ती एकामागून एक मवाळ होत जातात. त्यामागचं सर्किट १९६९ साली फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी रचलं. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादली हातोहात पुढे देतात, तसा त्यात विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात जातो. एमएन३००५ या चिपमध्ये अशा ४०९६ पायऱ्या आहेत. वाटेत थोडं गळतं, खरखर काढणारे फिल्टर स्वराची धारही थोडी काढून घेतात, आणि प्रत्येक फेरीत हे पुन्हा घडतं. डिजिटल पेडल मात्र स्वर जवळजवळ जसाच्या तसा परत देतं. यातलं कोणतं परतणं तुम्हाला हवंसं वाटतं? उत्तर कानाला शोधू द्या.

आता अ‍ॅम्पचा गेन वाढवा आणि दोन-तीन स्वर सलग वाजवा. सगळं एकमेकांत कालवलं जातं. जुनी आवर्तनं आणि नवा स्वर एकाच वेळी डिस्टॉर्शनमध्ये शिरतात. तिथे क्षीण आवर्तनही उचललं जाऊन नव्या स्वराच्या अंगावर येतं. अ‍ॅम्प बंद करा आणि मागे पाहा. तिथे सेंड आणि रिटर्न असे जॅक असतील, तर गिटार थेट अ‍ॅम्पला लावा. सेंडमधून पेडलच्या इनपुटला आणि पेडलच्या आउटपुटमधून रिटर्नला केबल जोडा. सेंड-रिटर्न नसेल, तर अ‍ॅम्प क्लीन ठेवा आणि डिस्टॉर्शनचं पेडल डिलेच्या आधी लावा. पुन्हा वाजवा. स्वर आधी पुरता घडतो, मग त्याची आवर्तनं निघतात, आणि प्रत्येक वेगळं ऐकू येतं.

शेवटी लय. मेट्रोनोम १२० वर लावा. एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. टाइम त्याच्या पाऊण, म्हणजे ३७५ करा. फीडबॅक कमीच ठेवा, मिक्स थोडा वाढवा. एका ठोक्यात दोन, असे समान स्वर वाजवा. परतणारे स्वर तुमच्या स्वरांच्या बरोबर मध्ये पडतात. यू टूचा गिटारवादक एज याने पाऊण ठोक्याच्या या डिलेवर आपली शैली उभी केली. मधल्या जागा हाताने भरून टाकल्या, तर हे विणकाम ऐकू येणार नाही. इथे न वाजवलेली जागाही वादनाचाच भाग आहे.

म्हणून पुढचा स्वर छेडण्याआधी ऐका: मागचा अजून बोलतो आहे का? बोलत असेल, तर त्याच्याशी जुळेल असं काही द्या, नाहीतर त्याला बोलू द्या. आता याच भानाने आपल्या आवडीची एखादी साधी धून वाजवा, नेहमीपेक्षा निम्म्या स्वरांत.