गाण्यांची वही कर

चि. सोनूस,


तुझा मेसेज वाचला. अ‍ॅपमधल्या तुझ्या यादीतली बरीच गाणी करडी पडली आहेत, दाबली तरी वाजत नाहीत, फोन बिघडला का, असं विचारलं आहेस. फोन धड आहे गं. तिकडे परदेशात एकटी आहेस, संध्याकाळी खोलीवर आल्यावर गाण्याचाच आधार, म्हणून जीव लागून राहिला. इकडे सगळे ठीक. आजीचा गुडघा आता जिना चढू देतो, आणि तुझ्या बाबांच्या पेन्शनची कागदपत्रं एकदाची मार्गी लागली.

बाळा, अ‍ॅपवाल्यांची ती गाणी नसतातच. बहुतेक गाण्यांचे हक्क असतात रेकॉर्ड कंपन्यांकडे. अ‍ॅप ती ठरावीक मुदतीच्या करारावर वाजवतं, आणि करारही देशागणिक वेगळे. म्हणून पुण्यात वाजणारं गाणं तिकडे मुकं होऊ शकतं. पैशांवरून फिसकटलं की रातोरात गाणी खाली उतरतात. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ साली. त्याच वर्षी सारेगामाशी त्यांचं बिनसलं. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. लताबाई, आशाबाई, बाबूजी सुधीर फडके यांच्या गाण्यांचा केवढा ठेवा तिच्याकडे! ती गाणी परत यायला २०२० उजाडलं. पुढे मार्च २०२४ मध्ये झी म्युझिकची गाणी तिथून गेली.

अ‍ॅपचंच दुकान बंद होतं ते आणखी वेगळं. रेसो ३१ जानेवारी २०२४ ला भारतातून गेलं, एअरटेलचं विंकही त्याच वर्षी मिटलं. गानाने २०२२ मध्येच फुकट ऐकणं थांबवलं होतं. आपल्याकडे पैसे मोजून ऐकणारे थोडे, नुसत्या जाहिरातींवर भागत नाही आणि हक्कांचे पैसे तर द्यावेच लागतात. एकमेकांवर मात करायला सगळ्यांनी स्वस्ताई केली. ज्यांच्यामागे मोठा धनी नाही किंवा धन्याचा उत्साह सरला, ते गळाले. उद्या उरलेल्यांपैकी एखादं मिटलं तर तू काय करणार? म्हणून सवलत दिसली तरी वर्षाची वर्गणी एकदम भरू नकोस. महिन्याची भर. आणि ‘डाउनलोड केलंय’ म्हणून निर्धास्त राहू नकोस हं, वर्गणी थांबली की अ‍ॅपमधली ती गाणीही वाजेनाशी होतात.

तुझ्या आजोबांची वही आठवते का? लांबट, लाल पुठ्ठ्याची. ‘आपली आवड’ लागलं की रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे आणि गाणं संपताच नोंद करायचे. आधी कॅसेटचा नंबर, मग ए की बी बाजू, पुढे गायक, कवी, संगीतकार. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात ‘सुरुवातीला खरखर’ किंवा ‘दुसरं कडवं तुटलं’. त्यातल्या कितीतरी कॅसेट बुरशीने गेल्या, पण वहीमुळे नेमकं काय गेलं ते कळलं, आणि त्यातली पुष्कळ गाणी मी पुन्हा मिळवली.

तशी वही तू कर, एवढंच माझं मागणं आहे. अ‍ॅपमधली यादी अ‍ॅपबरोबर जाते. नुसतं गाण्याचं नाव लिहून भागत नाही, कारण मूळ गाणं सापडलं नाही की त्याच नावाचं कुणीतरी नव्याने गायलेलं पुढे येतं. गीतरामायणाचंच बघ. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर झालं तेव्हा त्यातली गाणी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा कितीतरी जणांनी गायली होती. नंतरच्या रेकॉर्ड बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. दोन्ही थोर, पण तुला कोणतं हवंय ते तुला सांगता यायला हवं. म्हणून गायक, कवी, संगीतकार, सिनेमा असेल तर सिनेमा, सगळं लिही. कवीचं नाव तर आवर्जून लिही, कारण अ‍ॅपवर ते पुष्कळदा चुकीचं असतं किंवा नसतंच, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

मग त्या वहीतली जिवाजवळची वीस-पंचवीस गाणी विकत घे. आयट्यून्सवर एकेक गाणं अजून विकत मिळतं. फाइल उतरवून लॅपटॉपवर एक आणि पेनड्राइव्हवर एक, अशा दोन प्रती ठेव. फुकट उतरवून देणाऱ्या साइटकडे वळू नकोस, त्यातलं गाणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. काही सापडलं नाही तर मला कळव. लक्ष्मी रोडला गेले की जुन्या सीडींची चौकशी करते.

थंडी वाढली असेल. कानाला बांधत जा, आणि रविवारी आजीला फोन कर, ती दुपारपासून वाट बघत असते. वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठव. कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन राहिलं असेल तर मी लगेच कळवीन.

तुझी,
आत्या