भाकरीच्या पैशाचा धनी कोण?

श्रीक्षेत्र गाणगापूर येथे माध्यान्हकाळी मधुकरी मागण्याची प्रथा आहे. प्रत्यक्ष श्रीदत्त महाराज त्या वेळी भिक्षेस येतात अशी श्रद्धा असल्याने तेथील गृहिणी दारी आलेल्यास विन्मुख धाडीत नाही. झोळीत भाकरी घालते आणि त्याबद्दल काही घ्यावे हे तिच्या मनातही येत नाही. त्याच कलबुर्गी जिल्ह्यात आज स्त्रियांची सहकारी संस्था ज्वारीची रोट्टी, म्हणजे आपली भाकरी, करून विकते. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तिचा गौरवाने उल्लेख केला, तेव्हा दिवसाला ३,००० हून अधिक भाकऱ्या होत होत्या आणि बंगळूरला विक्रीचे स्वतंत्र दालनही निघाले होते. 'अन्नविक्रय' हा शब्द ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडला आहे, त्यांना हे थोडे खटकेल.

त्या खटकण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. कित्येक निराधार बायांनी खानावळी चालवून मुलांची शिक्षणे केली, आणि त्यांच्या हातचे जेवून आपण त्यांना पुण्यवानच म्हटले. विकल्यावर आलेला पैसा कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा मोठा उदार निर्णय एके काळी याच मुलखात लिहिला गेला, हे आपण विसरलो आहो. आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि बंगाल-आसाम वगळता बहुतेक हिंदुस्थानचा दायविभाग पुढे तिच्या आधारे चालला. याज्ञवल्क्याने स्त्रीधनाचे काही प्रकार सांगून शेवटी 'इत्यादी' अशा अर्थाचा एक शब्द घातला होता. विज्ञानेश्वराने त्या इवल्याशा शब्दात वारसा, खरेदी, वाटणी यांनी मिळालेले सारे बसविले. स्त्रीधन म्हणजे स्त्रीचे धन. त्याला निराळा पारिभाषिक अर्थ नाही, असे त्याने सांगितले. टीकाकारांच्या व्याख्येत इतके औदार्य क्वचितच सापडते.

परंतु कात्यायनाचे वचन वेगळे होते. शिल्पाने, म्हणजे हातच्या कसबाने, स्त्रीने मिळविलेल्या द्रव्यावर पतीचे स्वामित्व, असे तो म्हणतो. निबंधकारांत याविषयी मतभेद राहिले. घराघरांत मात्र कात्यायनच जिंकला. माहेरची पाटली तिची, पण तिने शिवलेल्या चोळीचे पैसे घरचे! पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही वारसाने वा वाटणीने आलेली मालमत्ता स्त्रीधनातून काढली आणि तिच्यावर स्त्रीला हयातीपुरता मर्यादित हक्क ठेवला. ही अडचण १७ जून १९५६ रोजी अंमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या १४ व्या कलमाने दूर केली. वारसा, वाटणी, देणगी, खरेदी यांच्या जोडीला स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळविलेली मालमत्ता त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे. सुमारे साडेआठशे वर्षांनी विज्ञानेश्वराचाच पक्ष पुन्हा मान्य झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही कायद्याचे स्वामित्व आणि व्यवहारातले स्वामित्व यांत अंतर उरतेच. भाकरीचे पैसे तेलमीठ, मुलांची फी, नवऱ्याचे खतबियाणे यांत जातात. जावोत, त्यात अनुचित काही नाही. पण वर्षअखेर तिच्या नावावर काय राहिले असे विचारले, तर उत्तर मिळत नाही. घराचा उतारा पतीच्या नावे, शेताची पहाणी सासऱ्याच्या नावे, आणि माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने मिळालेला जन्मसिद्ध हिस्सा भावाच्या मायेपोटी हक्कसोडपत्र लिहून सोडलेला. गटाच्या हमीवर लहान कर्ज मिळते. परंतु पिठाची गिरणी घालावी, यंत्रे घ्यावीत, असे मनात आले तर ती तारण काय देणार? बायकांना मोठे मनोरथ करण्याचे धैर्य नाही असे म्हणणारे हे कागद कधी उलगडून पाहत नाहीत.

मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. पुढे 'लिज्जत' म्हणून नावारूपास आलेल्या त्या उद्योगाचे मर्म मला त्याच्या विस्तारापेक्षा एका नियमात दिसते: पापड लाटणारी भगिनी तेथे मालकीण आहे, नफ्यातोट्याची वाटेकरीण आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तोही कल्याणातूनच येतो. बाराव्या शतकातील शरणांमध्ये आयदक्की लक्कम्मा होती. तिचा पती मारय्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर दोघांचा दासोह चाले. एके दिवशी त्याने अधिक तांदूळ आणले, तेव्हा गरजेहून जास्त ते आपले नव्हे असे बजावून तिने ते परत करावयास लावले. ज्या भूमीत असंग्रह हे भूषण, तेथे स्त्रीने संपत्ती वाढवावी असे कसे सांगावे?

आक्षेप हलका नाही. लोभ पुरुषाला बिघडवितो तसा स्त्रीलाही बिघडवील. पण कथेत 'पुरे' कोण म्हणते ते पाहावे. किती ठेवावे व किती परत करावे, हे तेथे लक्कम्मेने ठरविले. जिच्या हाती मुळात काही नाही, तिच्या रिकाम्या हातांना असंग्रहाचे नाव देणे ही त्या थोर व्रताची चेष्टा आहे. दानाचेही तेच. देवळातील देणगीदारांच्या फलकावर 'सौ.' लावून पुष्कळ नावे असतात; त्यांतील कितीजणींची रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यातून आली, हे विश्वस्तांनी एकदा तपासावे.

उत्सवप्रसंगी देवस्थानांना भाकऱ्या, चटण्या, पापड लागतातच. ते अशा स्त्रियांच्या संस्थांकडून घ्यावेत, आणि करारात एक अट घालावी: सभासद स्त्रीच्या वाट्याची रक्कम तिच्याच खात्यात जमा व्हावी, घरच्या पुरुषाच्या नव्हे. अट दोन ओळींची आहे. मसुदा करून द्यावयास मी तयार आहे.