तणाचं चित्र

क्लोद मोनेच्या १८७३ सालच्या ‘कोक्लिको’ या चित्रातल्या फुलांना पाकळ्या नाहीत, देठही नाहीत. पॅरिसजवळच्या आर्जांतय गावचा गवताळ उतार, छत्री घेतलेली एक बाई, शेजारी मूल, आणि डावीकडे नुसते लाल ठिपके. ते ठिपके म्हणजे पॉपी, आपल्या खसखशीची रानटी चुलतबहीण. युरोपातल्या गव्हात ती न पेरता येते. नांगर फिरला की मातीत वर्षानुवर्षं निजलेलं तिचं बी जागं होतं. थोडक्यात, तण.

माझ्या आजीला हे चित्र दाखवलं असतं तर तिने एवढंच विचारलं असतं, “खुरपायला बाया नव्हत्या व्हय?” ‘तण खाई धन’ हे जिने कंबर मोडून शिकलं, तिने दुसरं काय म्हणावं? माझी नजर तिच्याहून फार वेगळी आहे असंही नाही. ती उपटायला वाकायची, मी नाव शोधायला वाकतो. पाकळ्या किती, बुडाशी काळा डाग आहे का, देठावर लव आहे का. नाव सापडलं की मी पुढे चालू लागतो, रोप तिथेच राहतं.

मोने वाकतच नाही. मोने नि त्याच्या चित्रकार मित्रांच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात हे चित्र लागलं होतं. या मंडळींचं काम अर्धवट, धूसर, अशी टीका तेव्हापासूनची. मला ती पटत नाही. पुढचे ठिपके अवास्तव मोठे आहेत खरे, पण न थांबता चालणाऱ्याला पायाजवळची फुलं अशीच दिसतात: आधी रंग, मग फूल, नाव तर फारच नंतर. लाल नि हिरवा शेजारी आले की एकमेकांना उजळतात, हे शेव्हरल या रसायनतज्ज्ञाने १८३९ मध्येच लिहून ठेवलं होतं. मोनेच्या उतारावर ते नुसतं हलताना दिसतं. चित्रात वरच्या अंगालाही एक बाई नि मूल आहे. तीच जोडी खाली उतरून आली, असं मानायला मला आवडतं. मग चित्रात पाच-दहा मिनिटांची चालही मावते. याला धूसर कसं म्हणायचं?

परवा बांधावर टाकळा फुलला होता. चष्मा काढून उभा राहिलो. हिरव्यावर पिवळं काहीतरी थरथरत होतं. मागून शेजारी म्हणाला, “आता भाजीला उपयोगाचा नाही हो, जून झालाय.”