उघड्या डोंगराची लाली

फाल्गुन अर्धा सरला की पुण्याजवळचा कात्रजचा डोंगर सगळ्यात उघडा दिसतो. गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं, काही उतारांवर वणव्याचे काळे पट्टे असतात, आणि मधूनमधून नुसता मुरूम वर आलेला असतो. सकाळी उन्हं चढायच्या आत जुन्या बोगद्याकडच्या घाटात थोडा वेळ थांबलं तर या सुकलेपणात एक रंग ठळक दिसतो. जिथे माती जेमतेम ओंजळभर असेल अशा कडेला, खडकाच्या फटीत, लांब कमानदार फांद्या खाली झुकलेल्या असतात आणि जवळजवळ सगळ्या फांदीभर शेंदरी-लाल फुलांचे झुबके लागलेले असतात. ही धायटी. कात्रज ते सिंहगड अशी डोंगरधारेवरची चाल करणारे पुष्कळ जण बोगद्यापासूनच निघतात, पण ते बहुतेक पौर्णिमेच्या रात्री. अंधारात धायटी त्यांच्या बाजूने निघून जाते. ती पाहायची तर सकाळच हवी.

थंड देशांतल्या बागांमध्ये उघड्या दिवसांत रंग भरण्याचं हेच काम डॉगवूडची झुडपं करतात. एक जात उत्तर अमेरिकेतली, तिच्या जवळची दुसरी सायबेरिया, उत्तर चीन आणि कोरियाकडची. उन्हाळ्यात ही झुडपं चारचौघांसारखी हिरवी असतात, त्यांची पांढरी फुलं कुणी फारशी लक्षातही ठेवत नाही. पानं गळाली, थंडी वाढली, की कोवळ्या फांद्यांची साल लालभडक होते. सालीतल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची ती करणी. बर्फाने सगळं पांढरं झाल्यावर अंगणात तेवढ्याच लाल काड्या उभ्या राहतात. अमेरिकेतले आदिवासी या लवचीक काड्यांच्या टोपल्या विणत आले आहेत. बागेसाठी मात्र डॉगवूडची एक अट असते. लाली नव्या फुटव्यावरच चढते, जुनी फांदी करडी, तपकिरी होत जाते. म्हणून थंडी सरता सरता, पालवी फुटायच्या आत, माळी जुन्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा जमिनीलगत कापून काढतो. काही जण तर सगळं झुडूपच वीतभर उंचीवर छाटतात. पुढच्या हिवाळ्यातला लाल रंग या छाटणीत ठरतो.

मिनेसोटात किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या घराबाहेर हे झुडूप हमखास असतं. त्यांचे फोटो पाहून इकडच्या कुणाला तरी वाटतं की आपल्या सोसायटीतही हे लावावं. ते इथे रमणार नाही. त्याला खरी, लांबलेली थंडी लागते आणि पुण्याचा एप्रिल त्याला सोसणारा नाही. पण त्याच्या कुळातलं एक झाड आपल्या टेकड्यांवर आधीपासून आहे. अंकोल. वनस्पतिशास्त्रज्ञ आता अंकोलाला डॉगवूडच्याच कुळात धरतात. माघ-फाल्गुनात त्याची पानं गळतात आणि निष्पर्ण फांद्यांवर पांढरी, सुवासिक फुलं येतात. सायबेरियातल्या लाल काड्यांचं हे लांबचं नातं पुण्याच्या उन्हात उभं आहे, याचं मला दर वर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

तरी लाल रंगाची जागा इथे धायटीचीच. तिचं कूळ वेगळं, मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यफूल ताम्हण ज्यात येतात ते. धायटीच्या फुलात जे लाल दिसतं ते पाकळ्या नव्हेत. पाकळ्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. लाल असते ती निदलपुंजाची नळी. ही नळी फूल सरल्यावरही गळत नाही, आतलं फळ पिकेपर्यंत त्याला धरून राहते, म्हणून धायटीचा रंग आठवड्यात उडून जात नाही. नळीच्या तळाशी मध असतो. शिंजीर त्यासाठी सकाळपासून येतात, फांदीला उलटं लोंबकळून एकेका फुलात चोच घालतात. बाकी डोंगरावर खायला काही नाही अशा दिवसांत हा मध तयार असतो. माणसांनीही ही फुलं फार पूर्वी ओळखली. कापड रंगवायला ती वापरली गेली, आणि दशमूलारिष्टासारखी आसवं-अरिष्टं करताना वैद्य आजही त्यात धायटीची फुलं घालतात, कारण त्यांच्यामुळे काढा आंबतो.

बर्फाळ मुलखाचा उणा ऋतू हिवाळ्यात येतो. आपला फाल्गुन-चैत्रात येतो. तिथल्या माळ्याने त्या दिवसांसाठी स्वतःच्या भूमीतलं झुडूप निवडलं. त्याच्याकडून घ्यायची ती ही नजर. रोप तिथलं तिथेच बरं. कात्रज, आंबेगाव, कोंढवा या पट्ट्यात इतक्या इमारती उभ्या राहिल्या, जवळजवळ प्रत्येकीच्या दाराशी हिरवळीचा चौकोन, पिवळ्या पानांचा दुरांटा, गोल कातरलेले फायकस. उन्हाळ्यात माणसांसाठी टँकर मागवायचा आणि त्यातलं पाणी या हिरवळीला घालायचं, हे पाहताना मला मनापासून वाईट वाटतं. कुंपणाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, पाण्याशिवाय फुललेला डोंगर असतो आणि बाग आखणाऱ्याने तिकडे पाहिलेलं नसतं.

डोंगरावर हिरवाई आणायची ठरते तेव्हाही आपल्याला झाड हवं असतं, झुडूप नको. पळस, पांगारा, काटेसावर याच दिवसांत लाल होतात आणि त्यांचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. पण सगळा डोंगर वृक्षांचा नसतो. बेसाल्टच्या उतारावर मुरमाचा पातळ थर, वर चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, अशा जमिनीला करवंद, निर्गुडी, मुरुडशेंग, धायटी हीच माणसं जवळची. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. मध्य अमेरिकेतलं हे झाड झपाट्याने वाढतं, मातीत नत्रही धरतं. डोंगर लवकर हिरवा दिसावा ही त्यामागची तळमळ मी समजू शकतो. पण एकाच जातीचं दाट रान उभं राहिलं की इथल्या झुडपांना ऊन मिळत नाही, आणि धायटी तर पूर्ण उन्हाची.

या उतारांवर काय उभं आहे याचा संबंध खालच्या शहराशी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून ते पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून, केवळ उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातल्या हौदांपर्यंत नेलं गेलं. ते पाणी याच डोंगरांवरून उतरत होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच बाजूने येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला आणि शहरात अनेकांचे जीव गेले. तसा पाऊस झुडपांनी अडवला असता असं मी म्हणणार नाही. मात्र उतार फोडून सपाट करायचा, मुरूम मोकळा सोडायचा आणि मग वर शोभेचं गवत अंथरायचं, या रीतीत मूळ धरून ठेवणारं काही उरत नाही, हे खरं आहे. धायटी नेमकी फोडलेल्या, धुपलेल्या कडेवर रुजते. रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीसारख्या उभ्या उतारावर मी तिला पाय रोवून वाढताना पाहिलं आहे.

लावायची असेल तर डोंगरावरचं झुडूप उपटून आणू नये. ती जमीन बहुतेक वनखात्याची, आणि मोठं झुडूप उपटलं की जगेल याची खात्रीही नाही. बी आणावं, तेही थोडं. वैशाखात त्या लाल नळ्या वाळून तपकिरी झाल्या की आतली बोंडं फुटायच्या आत गोळा करून कागदावर सुकवावीत. बी धुळीसारखं बारीक असतं. चाळलेली माती आणि वाळू यांच्या मिश्रणावर ते नुसतं भुरभुरावं, वर माती लोटू नये, आणि पाणी झारीने न घालता फवाऱ्याने द्यावं, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जातं. रोपं सावकाश वाढतात. ती हाताएवढी झाली की पावसाच्या तोंडावर उतारावर, कुंपणाच्या कडेला, जिथे हिरवळ दर वर्षी जळते तिथे लावावीत. खत-माती भरलेला खड्डा त्यांना लागत नाही, मुरूम चालतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला थोडं पाणी द्यावं, पुढे हात आखडता घ्यावा. झुडूप पुरुषभर उंच आणि तेवढंच रुंद पसरतं, म्हणून दोन रोपांत दीड-दोन मीटर तरी मोकळे ठेवावेत.

आणि छाटणी. सोसायटीचा माळी दर महिन्याला कात्री घेऊन सगळ्याला गोल करतो, त्याला धायटीपुरतं तरी थांबवायला हवं. तिच्या कमानी हेच तिचं रूप. फुलोरा संपला, बी धरून झालं, की पहिल्या पावसाआधी जुन्या, जाड झालेल्या दोन-चार फांद्या बुडातून काढाव्यात. पावसाळ्यात नवे फुटवे लांब वाढतात आणि येत्या माघापासून फुलं त्यांच्या अंगावर येतात. ज्येष्ठात सोसायटीची सभा भरते तेव्हा बागेच्या खर्चाचा विषय निघतोच. त्या वेळी हिरवळीचा एक तुकडा, अगदी भिंतीकडेचा का होईना, या झुडपांसाठी मागून घ्यावा.