निरपराधांचा वध आणि न्याय्य युद्ध

युद्धाचा पक्ष न्यायाचा असला म्हणजे त्या युद्धात घडणारी प्रत्येक कृती न्यायाची ठरते काय, हा प्रश्न फार जुना आहे. त्याची चर्चा बहुधा अशा युद्धांच्या निमित्ताने होते, ज्यांचा पक्षच मुळात संशयास्पद असतो. त्यामुळे पक्षाचा दोष आणि साधनाचा दोष यांची सरमिसळ होते व विचार पुढे सरकत नाही. म्हणून ज्या युद्धाच्या न्याय्यतेविषयी फारसे दुमत नाही, असेच युद्ध परीक्षेला घेणे योग्य. हिटलरच्या जर्मनीविरुद्ध ब्रिटनने केलेले युद्ध हे तसे उदाहरण होय. ज्या साम्राज्याच्या अमलाखाली १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, त्याचे सर्व हिशेब स्वच्छ होते असा याचा अर्थ नव्हे. येथे प्रस्तुत आहे तो जर्मनीशी झालेल्या लढ्याचा पक्ष तेवढाच.

९ फेब्रुवारी १९४४ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभागृहात चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल बोलावयास उभे राहिले. हे गृहस्थ युद्धालाच विरोध करणारे नव्हते. १९३३ पासून ते हिटलरच्या राजवटीचे उघड विरोधक होते. जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांना त्यांनी आधार दिला होता आणि पुढे हिटलरविरोधी कटाबद्दल फाशी गेलेले जर्मन धर्मोपदेशक डीट्रिच बोनहोफर यांचे ते स्नेही होते. कारखाने, रेल्वेची केंद्रे, गोद्या यांवर बॉम्ब टाकण्यास त्यांची हरकत नव्हती; अशा हल्ल्यांत आसपासचे नागरिक मरणार हेही त्यांना मान्य होते. त्यांचा आक्षेप एकच होता : शहरात एखादे लष्करी ठिकाण आहे एवढ्यावरून सबंध शहर हेच लक्ष्य धरून ते नष्ट करणे, हे कोणत्या न्यायात बसते?

आक्षेपाचे मर्म ध्यानी येण्यासाठी मागचा वृत्तांत थोडक्यात पाहिला पाहिजे. शहरांवर बॉम्ब टाकण्यास जर्मनीने आरंभ केला होता. १९३९ मध्ये वॉर्सा, मे १९४० मध्ये रॉटरडॅम, त्या सप्टेंबरपासून लंडन आणि नोव्हेंबरात कॉव्हेंट्री ही त्याची उदाहरणे. ब्रिटिश विमाने प्रथम नेमक्या ठिकाणांवर हल्ले करू पाहत होती. दिवसा ती पाडली जात, म्हणून रात्री जाऊ लागली. परंतु ऑगस्ट १९४१ मध्ये छायाचित्रांची तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की, आपण लक्ष्यावर बॉम्ब टाकले असे सांगणाऱ्या विमानांपैकी तिसरा हिस्साच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचला होता. ज्याला कारखाना सापडत नाही त्याला शहर सापडते. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात हल्ल्यांचा रोख शत्रूच्या नागरिकांच्या, विशेषतः औद्योगिक कामगारांच्या, मनोधैर्यावर असावा असे लेखी नमूद झाले. त्याच महिन्यात आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचे प्रमुख झाले. जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्ग शहरात एका रात्री आगीचे वादळ उठले. त्या मोहिमेत सुमारे पस्तीस ते चाळीस हजार माणसे मेली.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पूर्वपक्षी म्हणतो : शत्रूने हे प्रथम केले. दुसरे असे की, तोफगोळे बनवणारा कामगार शिपायाइतकाच युद्धात सामील असतो. तिसरे, युद्ध जितके लवकर संपेल तितके प्राण वाचतील. छळछावण्यांत आणि जर्मनीने व्यापलेल्या देशांत रोज हजारो माणसे मरत असताना हात राखून लढणे ही त्यांच्याशी निर्दयता होय. आणि चौथे, हे हल्ले करणारे तरुण घरी सुरक्षित बसलेले नव्हते : बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक व विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मारले गेले. सरकारतर्फे उत्तर देताना लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी निव्वळ दहशतीसाठी हल्ले होत असल्याचे नाकारले आणि शत्रूचा युद्धोद्योग थांबवणे हाच हेतू असल्याचे सांगितले.

पहिल्या मुद्द्याचे समाधान महाभारताच्या वाचकाला शोधावे लागत नाही. अश्वत्थाम्याचे गाऱ्हाणे खरे होते; द्रोणाचार्यांचा वध असत्याचा आधार घेऊन झाला होता. तरीही सौप्तिकपर्वात रात्री निजलेल्यांची जी कत्तल त्याने केली, तिला त्या गाऱ्हाण्याने धर्माचे रूप आले नाही. मारले गेले ते योद्धेच होते, पण निजलेले. पुढे तर त्याने उत्तरेच्या गर्भाचा नाश करावयाला अस्त्र वळवले आणि तेव्हा भगवान श्रीकृष्णांचा शाप त्याला मिळाला. ज्या गर्भाने कोणाच्याही पित्याचे काही केले नव्हते, त्याच्यापर्यंत सूड पोचला, यात ‘त्यांनी आधी केले’ या युक्तिवादाची धाव कोठवर जाते ते दिसते. कृपाचार्यांनी आरंभी विरोध केला होता. मग तेच शिबिराच्या दाराशी पहारा करीत उभे राहिले. विद्वानांचे असे बहुधा होते.

दुसरा मुद्दा कामगारापुरता काही अंशी मान्य करता येईल. पण हॅम्बुर्गच्या तळघरात गुदमरून मेलेले मूल कोणते गोळे बनवीत होते? भीष्मपर्वात युद्धारंभी उभयपक्षी जे नियम ठरले, त्यांत सारथी, शस्त्रे वाहून आणणारे, भेरी व शंख वाजवणारे यांच्यावरही प्रहार करू नये असे ठरले होते. हे लोक युद्धाला साहाय्यच करीत होते. ते नियम पुढे पाळले गेले नाहीत ही गोष्ट वेगळी. मोडण्यासाठी का होईना, रेघ आखलेली होती.

तिसरा मुद्दा मात्र कठीण आहे. वाचणारे प्राण अनुमानाने मोजावे लागतात आणि घेतलेले प्राण प्रत्यक्ष असतात, असे उत्तर देता येते. जर्मनीचे शस्त्रोत्पादन १९४४ च्या मध्याला उच्चांकाला पोचले, हेही दाखवता येते. पण बॉम्बहल्ल्यांमुळे जर्मनीला आपल्या तोफा व लढाऊ विमाने रशियाच्या आघाडीवरून काढून शहरांच्या रक्षणाला आणावी लागली, हेही तितकेच खरे आहे. फलावरून निर्णय करू जाणारा येथे दोन्हीकडे पुरावा सापडून थबकतो. म्हणून विचार फलावरून कृतीकडे आणि कृतीतील हेतूकडे वळवावा लागतो. यासाठी त्याच महिन्यात घडलेली एक घटना दृष्टांत म्हणून घ्यावी.

नॉर्वेतील वेमोर्क येथील कारखान्यात जड पाणी तयार होत असे. अणुबॉम्ब बनवण्याच्या कामी जर्मनीला त्याचा उपयोग होईल, अशी दोस्तांना भीती होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेजियन सैनिकांची एक छोटी तुकडी बर्फातून, दरी उतरून व चढून, त्या कारखान्यात शिरली आणि एकही माणूस न मारता तिने यंत्रसामग्री उडवून दिली. काही महिन्यांत ती दुरुस्त झाली. मग नोव्हेंबरात अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यांत वीसाहून अधिक नॉर्वेजियन नागरिक मेले. अखेर जर्मनांनी उरलेले जड पाणी आपल्या देशात हलवण्याचे ठरवले. ते टिन सरोवरावरून ‘हायड्रो’ नावाच्या नावेने जाणार होते. आगगाडीचे डबे वाहून नेणारी ही नाव नित्याच्या उतारूंचीही होती.

नाव बुडवण्याचे काम क्नूट हाउकेलिड यांच्याकडे आले. नावेत त्यांचेच देशबांधव असणार होते. कृती करावी की नाही, असे लंडनला विचारण्यात आले. करावी असे उत्तर आले. रविवारी उतारू कमी असतात म्हणून रविवारची फेरी निवडण्यात आली. आदल्या रात्री हाउकेलिड व त्यांचे सोबती स्वतः नावेच्या तळाशी उतरले आणि स्फोटके अशा बेताने लावली की, नाव खोल पाण्यावर आल्यावर बुडावी, म्हणजे माल वर काढता येऊ नये. २० फेब्रुवारी १९४४ रोजी नाव बुडाली. चौदा नॉर्वेजियन आणि चार जर्मन मेले. बिशप बेल यांच्या भाषणाला तेव्हा अकरा दिवस झाले होते.

दार्ष्टांतिक असे. नावेतले चौदा आणि हॅम्बुर्गचे हजारो यांत भेद केवळ संख्येचा असता, तर हा विचार येथेच संपला असता. भेद आहे तो मरणाला कृतीत मिळालेल्या स्थानाचा. नावेत त्या रविवारी एकही उतारू नसता, तर हाउकेलिड यांचे कार्य पूर्णपणे सफल होऊन त्यांना समाधानच वाटले असते. उतारूंचे मरण कार्याच्या मार्गात आलेले होते, कार्याचे साधन नव्हते. याउलट, हॅम्बुर्गची वस्ती आदल्या दिवशी सुखरूप निघून गेली असती, तर नागरिकांच्या मनोधैर्यावर रोख ठेवणारा हल्ला आपल्याच मापाने बव्हंशी फसला असता. मार्च १९४२ मध्ये पंतप्रधानांचे शास्त्रीय सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी जे टिपण सादर केले, त्यात किती टन बॉम्बांनी किती माणसांची घरे जातील याचाच हिशेब होता. तेथे घर आणि घरातला माणूस हेच साधन झाले होते.

यावर शंका अशी की, मग ‘तसा हेतू नव्हता’ एवढे म्हणून कोणीही सुटेल. हजार वेळा परिणाम ठाऊक असून हजार वेळा तेच करणारा ‘नव्हता’ म्हणतो, त्याचे काय? शंका रास्त आहे. आजच्या अनेक युद्धांत प्रवक्ते हेच वाक्य रोज उच्चारतात. समाधान इतकेच की, हेतू हा जिभेवर राहत नाही, किमतीत राहतो. दुसऱ्याचे मरण टळावे म्हणून कर्त्याने स्वतः काय पत्करले? वेमोर्कच्या पहिल्या तुकडीने दरी चढून जाण्याचे पत्करले. हाउकेलिड यांनी शत्रूचा पहारा असलेल्या गावी जाऊन रविवारची वाट पाहणे पत्करले. अमेरिकन तत्त्वचिंतक मायकेल वॉल्झर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात हीच अट मांडली आहे : अपाय करू न इच्छिणे पुरेसे नाही, तो कमी व्हावा म्हणून सैनिकाने स्वतःवरचा धोका वाढवून घेतला पाहिजे. बॉम्बर कमांडच्या तरुणांनी प्राणांचा धोका पत्करला हे निःसंशय. परंतु तो शहरावर पोचण्यासाठी होता, शहरातल्या माणसांना वगळण्यासाठी नव्हता. जर्मनीचा अणुबॉम्ब प्रत्यक्षात फार दूर होता, हे युद्धानंतर कळले. त्या चौदा मरणांचे ओझे त्यामुळे वाढते. कृतीची जात मात्र बदलत नाही.

आणखी एक बचाव उरतो, तो आपद्धर्माचा. जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ब्रिटन जवळजवळ एकटा होता आणि जर्मनीपर्यंत पोचणारे त्याच्यापाशी बॉम्बर विमानांवाचून दुसरे साधन नव्हते. अशा घटकेला जे क्षम्य ठरेल ते इतर वेळी ठरणार नाही, असे वॉल्झरही मानतात. शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र कुत्र्याचे मांस चोरतो आणि त्याचे समर्थन करतो. पण त्या समर्थनाचा प्राण दुष्काळात आहे. पाऊस पडल्यावर कोणी तोच आहार चालू ठेवला तर त्याला आपद्धर्म म्हणत नाहीत. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडला जर्मन सेना शरण गेली. बॉम्बांचा मोठा भाग मात्र त्यानंतर पडला, आणि ड्रेस्डेन जळाले ते फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपावयास तीन महिने उरले असताना. आपत्ती ओसरत गेली आणि तिच्या नावाने मिळालेली मुभा वाढत गेली. विमाने तयार होती, माणसे शिकवलेली होती, कारखाने बॉम्ब देतच होते. थांबण्यासाठी कारण लागते, चालू ठेवण्यासाठी ते लागत नाही.

या वादातील सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, बिशप बेल आणि आर्थर हॅरिस या दोन टोकांच्या माणसांचे एका बाबतीत एकमत होते : जे होत आहे ते उघड सांगावे. ऑक्टोबर १९४३ मध्ये हॅरिस यांनी हवाई खात्याला लिहिले की, जर्मन शहरांचा विध्वंस आणि कामगारांचा वध हे मोहिमेचे उद्दिष्ट असल्याचे लोकांना स्पष्टपणे सांगितले जावे. खात्याला ते रुचले नाही. कॉमन्स सभागृहात मजूर पक्षाचे रिचर्ड स्टोक्स हे सभासद पुनःपुन्हा प्रश्न विचारीत. हवाईमंत्री सिंक्लेअर यांचे उत्तर ठरलेले असे की, लक्ष्ये लष्करीच असतात. नीतीच्या तराजूत येथे हॅरिस मंत्र्यांहून वरचढ ठरतात, ही कबुली कटू असली तरी दिली पाहिजे. आपल्या कृतीचे नाव त्यांनी तरी चोरले नाही. २८ मार्च १९४५ च्या टिपणात खुद्द चर्चिल यांनी, निमित्त काहीही सांगितले तरी दहशत वाढवण्यासाठी शहरांवर होणाऱ्या हल्ल्यांचा फेरविचार व्हावा, असे लिहिले. सेनाधिकाऱ्यांनी हरकत घेताच ते मागे घेऊन त्यांनी सौम्य शब्दांचे दुसरे टिपण काढले. म्हणजे जे बेल यांनी चौदा महिन्यांपूर्वी उघड सभागृहात म्हटले, तेच पंतप्रधानांनी खाजगी कागदावर लिहिले आणि पुसले.

ऑक्टोबर १९४४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल वारले. बेल यांचे नाव त्या पदासाठी घेतले जात होते. नेमणूक जेफ्री फिशर यांची झाली. त्या भाषणाची ही किंमत होती, असे पुष्कळांचे मत आहे. १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पूरक मसुद्याने, शहरातील निरनिराळी लष्करी ठिकाणे एकच समजून सबंध शहरावर बॉम्ब टाकण्यास मनाई केली. अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी ‘अतिरिक्त’ असू नये, असेही तीत आहे. अतिरिक्त म्हणजे किती, याचे माप तेथे दिलेले नाही. ते हल्ला करणाऱ्यानेच प्रथम ठरवावयाचे आहे. ३१ मे १९९२ रोजी, कलोन शहरावर एक हजार विमानांचा हल्ला सुरू झाला त्याला पन्नास वर्षांहून एक दिवस अधिक झाला असताना, लंडनमध्ये हॅरिस यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. समारंभात निषेधाच्या आरोळ्या उठल्या. त्या गर्दीत पदके लावलेले, वृद्ध झालेले विमानसैनिक उभे होते. आपण कशासाठी धाडलो गेलो होतो, हे त्यांना त्यांच्या मंत्र्यांनी युद्धकाळात सभागृहात कधी सांगितले नव्हते.