आव्यातले मडके तेच की दुसरे?

कुंभाराच्या आव्यात काळपट मडके जाते आणि तांबडे होऊन बाहेर येते, तेव्हा बाहेर आलेले मडके तेच असते की दुसरे, या प्रश्नावर न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. अग्नीच्या संयोगाने द्रव्यात होणाऱ्या पालटाला ही दर्शने ‘पाक’ म्हणतात, आणि त्यातून उपजणाऱ्या रूप, रस, गंध व स्पर्श या गुणांना ‘पाकज’. असे गुण केवळ पृथ्वीद्रव्यातच संभवतात, हे दोघांनाही मान्य होते.

वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली पूर्ण वस्तू, आपला रंग अवयवांकडूनच घेते, आणि मडके अभंग असेपर्यंत आतल्या परमाणूंना अग्नी भिडू शकत नाही. म्हणून आव्यात मडके परमाणूंपर्यंत विघटते, सुट्या परमाणूंचा श्याम रंग जाऊन तांबडा येतो, आणि दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक या क्रमाने नवेच मडके उभे राहते. ‘पीलु’ म्हणजे परमाणू, यावरून हा पीलुपाकवाद. या घडामोडीला नऊ क्षण लागतात की दहा, इथपर्यंत टीकाकारांनी काथ्याकूट केला आहे. नैयायिकांचा आक्षेप साधा होता: आव्यात एकावर एक रचलेली मडकी ढासळत नाहीत, त्यांची संख्या आणि आकार तोच राहतो, आणि पाहणाऱ्याला ‘हे तेच’ अशी ओळख, म्हणजे प्रत्यभिज्ञा, होते, तेव्हा सच्छिद्र मडक्यात तेज शिरून ते अखंडपणेच भाजले जाते, असा त्यांचा पिठरपाकवाद (पिठर म्हणजे भांडे).

रसायनशास्त्र यांपैकी कोणालाच पूर्ण कौल देत नाही. चिकणमातीतील केओलिनाइट या खनिजाच्या रचनेत हायड्रॉक्सिल गटांच्या रूपाने बांधलेले पाणी सुमारे 500 ते 600 अंश सेल्सिअस तापमानाला वाफ होऊन निघून जाते आणि ती रचनाच मोडते; म्हणून नुसते वाळवलेले मडके भिजवल्यास पुन्हा चिखल होते, कारण वाळणे हा भौतिक बदल आहे, आणि भाजलेले होत नाही, कारण भाजणे हा रासायनिक बदल आहे. याच उष्णतेत लोहाच्या जलयुक्त ऑक्साइडांपासून हेमॅटाइट हे तांबडे ऑक्साइड तयार होते. मात्र हवा कोंडून ऑक्सिजन तुटपुंजा ठेवला, तर तीच माती काळी निघते. बदल अदृश्य सूक्ष्म पातळीवर घडतो हे वैशेषिकांचे अनुमान येथे खरे ठरते, पण रंग एकट्या अणूचा नसून लोह व ऑक्सिजन यांच्या परस्पर बंधांचा असतो, आणि त्यासाठी मडके नाहीसे व्हावे लागत नाही.

एवढ्यावरून वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांना आधुनिक अणुसिद्धांताचे जनक ठरवणे मात्र उतावीळपणाचे होईल. वस्तूचे भाग अनंत मानले तर मेरू पर्वत आणि मोहरी यांत फरकच उरणार नाही, या तर्कातून वैशेषिकांचा परमाणू सिद्ध होतो. याउलट रसायनशास्त्रज्ञ डाल्टनचा अणू, जो त्याने 1808 साली ग्रंथरूपाने मांडला, मूलद्रव्ये कोणत्या वजनी प्रमाणात संयोग पावतात याच्या हिशेबावर उभा आहे. वजनाचा हा हिशेब मडक्यालाही लागू पडतो: शुद्ध केओलिनाइट भाजताना आपल्या वजनाचा सुमारे 14 टक्के भाग गमावते, तेव्हा भाजलेले मडके हलके भरते, आणि ‘तेच की दुसरे’ या वादात ही नोंद दोन्ही पक्षांना अडचणीची ठरली असती. गुरुत्व, म्हणजे जडपणा, हा वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादांच्या चोवीस गुणांपैकी एक गुण आहे, पण तेथे त्याचा विचार वस्तू खाली का पडते एवढ्यापुरताच झाला.